उलट्या तोंडाचं वाद्य

"हॉर्न शिकतोय," असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग जपून प्रश्न आला, "अरे, पण तिकडे जर्मनीत कुणी हॉर्न वाजवतच नाही म्हणाला होतास ना?"

चूक तिची नाही. आपल्याकडे हॉर्न शिकावा लागत नाही, तो गाडीबरोबर येतो. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तेव्हाही कुणाचं काही अडलं नाही. वाजवणारे वाचून थोडेच वाजवत होते!

माझा हॉर्न वेगळा. याला जग फ्रेंच हॉर्न म्हणतं आणि इथले लोक वाल्डहॉर्न, म्हणजे जंगलातलं शिंग. गोल गुंडाळलेली पितळी नळी. उलगडली तर साधारण पावणेचार मीटर भरेल, म्हणजे माझ्या बेडरूमच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन थोडी शेजारी निघेल. आणि शेजारीच जाते, नळी नाही तरी आवाज. कारण बाकीची वाद्यं निदान ऐकणाऱ्याकडे तोंड करतात, हे एकटं वाजवणाऱ्याच्या मागे बघतं. आपण त्याच्या तोंडात उजवा हात घालून बसायचं आणि डाव्या हातानं कळा दाबायच्या. माझ्या मागे भिंत, भिंतीमागे एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आसपासच्या आजी. आमच्या घरात त्यांचं नाव 'भिंतवाल्या आजी'.

जिन्यात नियमांचा कागद लावलेला आहे: दुपारी १ ते ३ शांतता, रात्री १० नंतर शांतता. मी घाबरून इंटरनेट पालथं घातलं तेव्हा २०१८ चा एक निकाल सापडला. एका व्यावसायिक ट्रंपेटवाल्याच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलंय की घरात वाद्य वाजवायला सरसकट बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी-सुट्टीला एक-दोन तास, असा ढोबळ अंदाज धरावा. तो निकाल मी छापून हॉर्नच्या पेटीत ठेवला, लोक गाडीत पीयूसी ठेवतात तसा.

आता हे वाद्य छळतं कसं ते सांगतो. एकच कळ दाबून ओठांच्या ताणावर डझनभर सूर निघतात. खाली ते ऐसपैस अंतरावर असतात, वर जावं तसे दाटीवाटीनं. वाड्यातल्या अंधाऱ्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या आठवा. पाय सातवीवर ठेवायचा आणि पडायचा आठवीवर. ओठ केसभर हलला की सूर फुटतो. फुटतो म्हणजे बेसूर होत नाही, शेजारचाच एक सूर स्वच्छपणे लागतो. त्यात कागदावर लिहायचा सा आणि कानाला येणार मंद्रातला म, कारण हॉर्नचं लिखाणच पाच सूर वरचं असतं. मूळ नळीचा अकरावा सूर तर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या बरोबर मध्ये बसतो, दोघांपैकी कुणाच्याच घरचा नाही. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानं १९४३ मध्ये असले सूर कळा न वापरता मुद्दाम वाजवायला लावले होते. आपण वाजवले की गुरुजी ट्यूनर पुढे करतात.

जूनमध्ये संगीतशाळेचा कार्यक्रम ठरला. गुरुजी म्हणाले, मोझार्ट वाजव. मी मनात हिशोब केला. मोझार्ट चुकला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. त्यापेक्षा स्वतःच काहीतरी समकालीन लिहावं. ते कसं वाजायला हवं हे जगात कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे चुकायची सोयच नाही. या युक्तीवर मी दोन दिवस खूश होतो.

गुरुजींनी मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचा एक तुकडा ऐकायला दिला. अमेरिकेतल्या दऱ्याखोऱ्यांवरची त्याची बारा भागांची रचना १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. त्यातल्या सहाव्या भागात अख्खा वाद्यवृंद गप्प आणि एकटा हॉर्न. तो हाक मारतो, थांबतो, उत्तर येत नाही, पुन्हा मारतो. रात्री इअरफोन लावून ऐकताना अंगावर काटा आला. आपणही अशीच हाक लिहायची असं ठरवलं आणि लिहिली पुण्यातल्या रहदारीवरची रचना, 'सिंहगड रोड, संध्याकाळी सात'.

तिथे कळलं की समकालीन संगीतात वाट्टेल ते चालतं ही अफवा आहे. प्रत्येक वाट्टेल त्याला चिन्ह असतं. हात आत गच्च दाबायचा तिथे अधिकचं चिन्ह: आवाज सर्दी झाल्यासारखा होतो आणि सूर अर्ध्यानं चढतो, म्हणून डाव्या हातानं अर्ध्यानं उतरायचं. (ही माझी पीएमटी बस.) जीभ 'र्र्र' करत फुंकायचं ही रिक्षा. कळ अर्धीच दाबून घसरायचं ही लेन बदलणारी स्कूटर. एक सूर फुंकायचा आणि दुसरा त्याच नळीत गायचा हे सिग्नलवरचं भांडण. हे फॅड आजचं नाही, एकोणिसाव्या शतकातल्या वेबर या जर्मन संगीतकाराच्या कॉन्चेर्टिनोतही हॉर्नवाल्याला फुंकता फुंकता गावं लागतं. शेवटी सगळी गर्दी सरल्यावर तो अकरावा, बेघर मध्यम, लांब धरायचा. बस. पाच मिनिटांची रचना, तीन महिने तालीम, संध्याकाळी सहा ते सात. निकाल पेटीत.

कार्यक्रमाच्या दिवशी पीएमटी सुटली, रिक्षा निघाली, आणि तिसऱ्या मिनिटाला नळीत गुळगुळ सुरू झाली. याला थुंकी म्हणू नका, वादक चिडतात. श्वासातली वाफ थंड पितळेवर जमते, तिचं पाणी होतं. काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी थांबलो. एक वळण उपसलं, झटकलं, परत बसवलं, आख्खा हॉर्न स्टिअरिंगसारखा गोल फिरवला, दुसरं वळण उपसलं. जमिनीवर चार थेंब पडले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग भांडण वाजवलं, आणि शेवटचा मध्यम धरायला गेलो तर तो सपशेल फुटला. पायरी चुकली, पंचम लागला, तिथून घरंगळत खाली आलो.

टाळ्या मात्र मोझार्टवाल्यापेक्षा जास्त. एका दाढीवाल्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं की मधल्या त्या मौनात त्यांना सगळं शहर वाहून गेल्यासारखं वाटलं. एका बाईंना शेवटची घसरण 'फार धीट' वाटली. मी नम्रपणे मान हलवत राहिलो. आमची ही बाजूला उभी राहून छताकडे बघत होती.

एवढ्यात गर्दीतून काठी टेकत भिंतवाल्या आजी आल्या. जिन्यातला कार्यक्रमाचा कागद वाचून त्या स्वतः तिकीट काढून आल्या होत्या. माझा हात आपसूक पेटीतल्या निकालाकडे गेला.

"पुढून ऐकलं की वेगळंच लागतं," त्या म्हणाल्या.

मी आभार मानले.

"मधली ती शांतता नवीन घातलीत?"

"पाणी झालं होतं."

"वाटलंच." मग जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "आणि शेवटचा सूर हा नाही. मंगळवारी बरोबर लागला होता तुमचा."