रोख रुपये ११, सोबत लाकडी वाटी

आपल्या हातांनी लेथवर कातलेला लाकडी वाडगा कोणालाही भेट देऊ नये, अशा निष्कर्षाप्रत मी गेल्या रविवारी, मावसभावाच्या वास्तुशांतीत, पहिली पंगत बसण्यापूर्वीच येऊन पोहोचलो. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले होते. दाराशी मात्र टेबल, टेबलावर आहेराची वही आणि वहीमागे वहिनींचे मामा, अशी चोख व्यवस्था होती. मामांनी वाडगा उलटा केला, बुडावर टिचकी मारली आणि पेनाचे टोपण काढले.

“नग एकच? सहाचा सेट असतो ना?”

“एकच. मी स्वतः केलाय, मामा. फणसाच्या लाकडाचा आहे.”

“ते असू द्या. किंमत सांगा. उद्या तुमच्याकडे कार्य निघालं, तर यांनी तुम्हाला काय करायचं?”

प्रश्न हिशेबी माणसाला शोभणारा होता, पण त्याचे उत्तर वहीच्या रकान्यात मावणारे नव्हते. ओल्या ओंडक्यातून व्यासाच्या साधारण एक-दशांश जाडीचा कच्चा वाडगा काढायचा आणि कित्येक महिने सावलीत सुकवायचा. लाकूड वर्षवलयांच्या अंगाने जितके आकसते, त्याच्या जवळजवळ निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसत असल्यामुळे आपला गोल वाडगा तोवर लंबगोल होऊन बसतो. मग तो पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा, काचकागदाने घासायचा आणि वर तेल व मेण चढवायचे. एवढे सांगून झाल्यावर, ओंडका शेजारच्या पडलेल्या झाडाचा असल्याचे मी प्रामाणिकपणे बोलून गेलो.

“म्हणजे फुकट,” असे म्हणत मामांनी पेन कागदावर टेकवले सुद्धा.

माझ्या मागे मिक्सरचे खोके सांभाळत उभ्या असलेल्या बाईंना माझी दया आली. “अहो, पण छान आहे. अगदी दुकानातल्यासारखा!” त्या म्हणाल्या. ही स्तुती मी पुष्कळ ठिकाणी ऐकलेली आहे आणि ती मला आजवर पचलेली नाही. वाडगा गुळगुळीत उतरला तर तो यंत्रावरचा ठरतो आणि पटाशीची एखादी रेघ राहिली तर फिनिशिंग कमी पडते. ज्यांच्या आज्यांनी उभा जन्म काथवटीत भाकरीचे पीठ मळले, ती माणसे आता हॉटेलच्या भिंतीवर टांगलेल्या काथवटीसमोर उभी राहून फोटो काढतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी केळे अगदी खऱ्यासारखे आहे म्हणून कौतुक करायचे आणि लगेच खऱ्या केळ्याच्या भावाने ते मागायचे, हेही आम्हीच करतो. मिक्सरच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, त्यामुळे त्याला असा अपमान कधी सोसावा लागत नाही.

“रंग जाईल का हो याचा?” मामांनी विचारले.

“जाणार नाही. फणसाचा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी होतो.”

“म्हणजे जाणार,” मामांनी निकाल दिला. मग त्यांनी वाडग्यात डोकावून पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “अहो, हे रिकामं आहे! नव्या घरात रिकामं भांडं देतात का कोणी?”

मागची रांग जिन्यापर्यंत पोहोचलेली असल्यामुळे शास्त्रार्थाला सवड नव्हती. मी खिशातून दहाची नोट आणि एक नाणे काढून वाडग्यात टाकले. मामांची मुद्रा उजळली, कारण आता रकान्यात मांडता येईल असे काहीतरी त्यांच्या हाती लागले होते. सुवाच्य अक्षरांत त्यांनी माझ्या नावापुढे लिहिले : ‘रोख रु. ११, सोबत लाकडी वाटी.’ वाडग्याची वाटी का झाली, हे विचारण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. दुपारभर तो वाडगा त्या टेबलावरच होता आणि मामा त्यात पाकिटांवरून काढलेले रबर ठेवत होते.

जेवून निघताना वहिनी मुद्दाम दारापर्यंत आल्या. “भावजी, वाडगा फारच सुंदर आहे हो,” त्या मनापासून म्हणाल्या, “फक्त आतून स्टीलचं बसवून मिळालं ना, तर रोज वापरता येईल.”