बीपीची गोळी सोडायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘बीपीची गोळी म्हणजे आयुष्यभराची गुलामी’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या हास्यक्लबांच्या, भजनी मंडळांच्या, सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्यापर्यंत तो पोचला आणि तिने टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल या दोन्ही गोळ्या कुणाला न सांगता बंद केल्या. ती स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीवर बॉलपेनने वार लिहून ठेवते. बुधवारपासून पुढचे सगळे वार जागच्या जागी होते, म्हणून मला कळलं. मशीन लावलं तर वरचा आकडा 178. मी घाबरले, पण ती निवांत. ‘अगं, मी 81ची. वयात शंभर मिळवायचे. मला 181पर्यंत चालतं.’

हे सूत्र त्या मेसेजमधलंच. त्यातल्या या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, त्यामुळे आधी तेच.

‘वय अधिक शंभर’ हा अंदाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, वरचा आकडा चढतो, तेव्हा ते वयानुसार स्वाभाविकच आहे, असं तेव्हा डॉक्टरही मानत. त्या समजुतीचा सर्वांत ठळक बळी म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. मार्च 1944मध्ये त्यांचं बीपी 186/108 होतं. 12 एप्रिल 1945ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते 63व्या वर्षी गेले, त्या दिवशी बीपीचा वरचा आकडा 300च्याही वर आणि खालचा 190 होता. त्या काळी हाताशी धड औषधंच नव्हती. आज ती आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात आणि आपण ती बंद करा म्हणून सांगत सुटलोय!

बहुतेकांना होतं म्हणजे ते निरोगीपणाचं लक्षण असं नसतं. उतारवयात मोतीबिंदूही बहुतेकांना होतो, तो आपण डोळ्यात तसाच ठेवतो का?

आणि म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांचा फायदा होतो का, हे कुणी तपासलंच नाही असंही नाही. हायवेट नावाच्या अभ्यासात 80च्या पुढची 3845 माणसं होती, सगळ्यांचा वरचा आकडा 160 किंवा त्याहून जास्त. म्हणजे अगदी आत्यासारखी. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल ही बीपीची औषधं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले, हार्ट फेल्युअर 64 टक्क्यांनी. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. निष्कर्ष 2008 साली छापून आले. मेसेज लिहिणाऱ्याच्या सूत्राप्रमाणे यातल्या कितीतरी जणांना औषधाची गरजच नव्हती.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या अभ्यासात बीपी 150/80पर्यंत आणायचं ठरलं होतं, 120पर्यंत नाही, आणि फार थकलेली माणसं त्यात नव्हती. वृद्धांचं बीपी जोर लावून खाली खेचलं तर उठताना अंधारी येते, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. म्हणून त्यांचं बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला डॉक्टरांना सांगावं. चक्कर येत असेल तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता मेसेजमधली बाकीची वाक्यं. ‘बीपी नॉर्मल आलं, बरं वाटतंय, की गोळी थांबवा.’ अहो, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच! आणि बरं वाटण्याचा इथे काहीच भरवसा नाही, कारण वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. 178 असताना आत्या उभ्याने पोळ्या लाटत होती. त्यातून मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या. त्या एकदम सोडल्या तर ठोके धावायला लागतात, छातीत दुखू शकतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर अटॅकही येऊ शकतो. क्लोनिडीन ही बीपीचीच आणखी एक गोळी अचानक बंद केली तर बीपी उसळी मारून पहिल्यापेक्षाही वर जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर या गोळ्या बंद करतात तेव्हा डोस हळूहळू उतरवत आणतात. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्यावा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यावा, पण दोन एकदम कधीच नाहीत. वजन उतरलं, मीठ कमी झालं, रोज चालणं सुरू झालं की काहींच्या गोळ्या कमी होतात हे खरंय, पण त्या मोजून, विचारून कमी होतात.

‘किडनी खराब होते.’ किडनी खराब करतं ते वाढलेलं बीपी. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेहींना टेल्मिसार्टनसारखी औषधं किडनी वाचावी म्हणूनच देतात. हो, ती सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला हवं, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करायला हवा. पण गुडघा दुखतो म्हणून आपल्या मनाने घेतलेली डायक्लोफेनॅक बीपीही वाढवते आणि या औषधांच्या जोडीने किडनीवर ताणही आणते. त्याबद्दल एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

‘120/80 हा कंपन्यांचा डाव आहे.’ मर्यादा खाली आल्या आहेत, अमेरिकेत 2017 साली 130/80 धरायला लागले, यावर डॉक्टरांतही वाद आहेत. पण तो वाद 130 की 140 असा आहे. 178 चालेल असं त्यात कुणीच म्हणत नाही.

मग येतात सैंधव, लसूण, लिंबू. सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, त्यामुळे मीठ बदलून नाही, कमी करून फायदा होतो. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असेल किंवा किडनी अधू असेल तर ते विचारल्याशिवाय सुरू करू नये. वनस्पतींत काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सर्पगंधेने बीपी उतरतं हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाने ते मानलं. पण त्यांनी ते रुग्णांवर मोजून दाखवलं होतं. आणि तिच्यातल्या रिसर्पीनने पुढे काही रुग्णांना नैराश्य येतं असं दिसलं, तेव्हा नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही खरं नाही.

शेवटचा सल्ला, ‘बीपी वाढलं की पाय गरम पाण्यात ठेवून पडून राहा.’ आकडा नुसता वाढलेला असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून परत मोजा, आणि डॉक्टरांना कळवा. पण तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर पाणी तापवत बसू नका. आपल्या मनाने जास्तीची गोळीही देऊ नका. 108ला फोन करा, आणि निघताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत टाकून सोबत न्या. कोणती गोळी कधीपासून बंद आहे, हे तिथे पोचल्यावर पहिल्यांदा सांगा.