अंधेरी कुठे, नेरूळ कुठे!

सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

आज शनिवार, तरी आम्हाला अर्धा दिवस होता. ऐरोलीच्या ऑफिसला जायला ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर उभी होते. शेजारी आई, वडील आणि सतरा-अठरा वर्षांची मुलगी. दोन बॅगा, एक डब्याची पिशवी, आणि मुलीच्या हातात पारदर्शक फोल्डर. रात्रभर गाडीत बसून आल्याचं तिघांच्याही तोंडावर दिसत होतं. वडिलांनी विचारलं, "ताई, अंधेरीले जाची गाडी अठीच लागते काय?"

म्हटलं, नाही हो दादा, इथून वाशी, नेरूळ, पनवेल. अंधेरीला कशाला जायचंय? तर हॉटेल अंधेरीला. आणि काम? उद्या पोरीची परीक्षा. सेंटर कुठे? मुलीनं फोल्डर पुढे केलं. हॉलतिकिटावर लिहिलेलं, नेरूळ.

ज्या फलाटावर ते उभे होते, तिथूनच नेरूळची गाडी सुटते. गाडी बदलायची नाही, काही नाही. अर्धा-पाऊण तासात नेरूळ. आणि ही माणसं अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेसनं येऊन, ठाण्याला उतरून, बॅगा उचलून घाटकोपर, तिथून मेट्रो, मग अंधेरी आणि मग रिक्षा असं करत हॉटेलवर पोहोचणार होती. उद्या पहाटे उठून तेवढंच सगळं उलटं यायला!

"भाच्यानं करून देलं मोबाइलवर," वडील म्हणाले. "म्हणे एअरपोर्टजवळ आहे, चांगला एरिया."

मला इतका राग आला त्या न पाहिलेल्या भाच्याचा. परीक्षेला आलेल्या पोरीला एअरपोर्ट कशाला हवाय? ती विमानानं आलीय का? आणि आता तर एअरपोर्टसुद्धा दोन झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरपासून विमानंही सुरू झाली. तेव्हा 'एअरपोर्टजवळ' म्हणजे नक्की कुठे, हेसुद्धा आता विचारावं लागेल.

पण ऐरोलीपर्यंतच्या प्रवासात राग उतरला. कारण २०१९ साली मी स्वतः तो भाचा होते.

माझी मावशी आणि भाऊकाका कुडाळहून आले होते. मावशीची परळच्या हॉस्पिटलात तपासणी, तीन-चार दिवसांचं काम. आमचं ठाणे स्टेशनजवळ नौपाड्यातलं घर वन बीएचके. सासरे नुकतेच ऑपरेशन होऊन घरी आलेले, हॉलमध्ये त्यांचा पलंग. कुठे झोपवणार होते दोघांना? म्हणून हॉटेल बघायला बसले. स्टेशनजवळची लॉज बघितली, फोटो काही बरे वाटेनात. मग घोडबंदर रोडवर कासारवडवलीचं एक दिसलं. नवीन इमारत, लिफ्ट, पांढऱ्याशुभ्र चादरी, खिडकीतून डोंगर, आणि भाडंही कमी. पत्ता 'ठाणे पश्चिम'. मी पण ठाणे पश्चिम. म्हटलं, झालं की काम! मावशीला हिरवं दिसेल, बरं वाटेल.

मी ठाण्यात राहणारी बाई. मला घोडबंदर रोड माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पण बुकिंग करताना मी त्या खोलीचा विचार केला, सकाळी पावणेसातला त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसांचा केला नाही.

कासारवडवली ते ठाणे स्टेशन दहाएक किलोमीटर. ऑगस्ट महिना, पाऊस, मेट्रो चारच्या कामाचे पत्रे लावून रस्ता अर्धा केलेला, गुजरातकडून येणारे कंटेनर. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा... ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मी स्टेशनवर थांबले होते, दर दहा मिनिटांनी फोन करत होते. मावशी फोनवर म्हणाली, "बाय माझे, ह्यो रस्तो संपता खंय गो?"

सव्वाआठला स्टेशनला पोहोचले. नऊची वेळ दिलेली. कल्याणकडून येणाऱ्या फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आजारी बाईला कसं चढवणार? ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली. परळला उतरून काउंटरवर गेलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. नंबर गेला.

भाऊकाका तिथे उभे होते ते मला अजून दिसतात. पांढरा शर्ट पोटरीपर्यंत उडालेल्या चिखलापासून कसाबसा वाचवलेला, हातात कुडाळच्या कापडदुकानाची पिशवी, त्यात फाइल, आणि फाइलीवर पाणी पडू नये म्हणून पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलेलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणाले, "चलात गो, उद्या येवया." आणि परत तोच रस्ता, उलटा.

मुंबईत माणसं फिरायलाच येतात असं धरून सल्ले देणाऱ्यांचं मला काही कळतच नाही. "कुलाब्यात राहा, गेटवे जवळ पडतं." "वांद्र्यात राहा, सी फेस आहे." अरे, आपल्या घरी गावाहून कोण येतं आठवून बघा ना! हॉस्पिटलसाठी येतात. परीक्षेला येतात. व्हिसाला येतात, हायकोर्टाच्या तारखेला येतात, मंत्रालयात अडकलेल्या फायलीसाठी येतात, पोराला कॉलेजला पोहोचवायला येतात. त्यांना समुद्र काय करायचाय? बरं, चार दिवस मुंबई बघायलाच आला असाल आणि खिशाला परवडत असेल तर कुलाबा-फोर्ट चांगलं आहे, तेवढं मान्य. पुढे.

ही मुंबई उभी आहे हो, उत्तर-दक्षिण. आपल्याकडे किलोमीटर मोजून उपयोग नाही, गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजायचं. काम लोकलच्या ज्या लाइनवर, मुक्काम त्याच लाइनवर. वेस्टर्नवरून सेंट्रलला यायचं तर दादर, सेंट्रलवरून हार्बरला जायचं तर कुर्ला, आणि सेंट्रलवरून नवी मुंबईला जायचं तर आमचं ठाणं. एवढं डोक्यात असलं तरी निम्मं काम होतं. बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यालाच आली होती. पावणेदोनशे वर्षं होत आली, अजूनही या भागात माणसाची सोय रेल्वे स्टेशनापासूनच मोजावी लागते.

परळला काम असेल तर दादर, परळ, लालबाग, नायगाव. खोली जुनी असेल, बाथरूम अडचणीचं असेल, असू दे. दादरला कॅन्सरच्या पेशंटसाठी गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे आधी चौकशी करा. जागा मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं? आणि आधी कागद नीट वाचा. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं एक केंद्र खारघरलाही आहे, आणि परळच्या पेशंटना तिकडे पाठवतात. खारघरला जायचं असेल आणि तुम्ही दादरला उतरलात, तर पुन्हा तीच बोंब. मग खारघर, बेलापूर, नेरूळ बघायचं. आणि खार वेगळं, खारघर वेगळं, वसई वेगळी, वाशी वेगळी. हसू नका, माझ्या ऑफिसमध्ये इंटरव्ह्यूला येणारा एक मुलगा वसईला लॉज घेऊन बसला होता. तिथून ऐरोली! रडवेला झाला होता फोनवर.

नवी मुंबईची अजून एक गंमत नाही, खोडच म्हणायची. सरकारच्या सिडको कंपनीनं १९७० पासून हे शहर आखून बांधलं, रस्ते रुंद, सगळं सेक्टरमध्ये. पण सेक्टरचे आकडे प्रत्येक ठिकाणी नव्यानं सुरू होतात. वाशीत पण सेक्टर ८, नेरूळमध्ये पण सेक्टर ८, बेलापूरमध्ये पण. नुसतं 'सेक्टर ८, नवी मुंबई' लिहिलेल्या पत्त्यावर भरवसा ठेवून पैसे भरू नका. तसंच 'ठाणे'. ठाणे म्हणजे शहर की जिल्हा? मीरा रोड ठाणे जिल्ह्यात, भिवंडी ठाणे जिल्ह्यात, शहापूर ठाणे जिल्ह्यात. आणि पूर्व-पश्चिम बघितल्याशिवाय तर अजिबात नको. मध्ये रूळ असतात, बॅगा घेऊन पूल चढून जावं लागतं. सोबत म्हातारं माणूस असेल तर तो पूल काय असतो ते एकदा बघा येऊन.

हे सगळं मला २०१९ मध्येही माहीत होतं. तरी मी फोटो बघून खोली घेतली. म्हणून तर भाऊकाकांची ती मूठ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कुणी म्हणेल, घोडबंदरला आता उगाच नावं ठेवतेस, तिथेही लाखो लोक राहतात, हवा चांगली, येऊरचा डोंगर. खरंय. स्वतःची गाडी असेल, पुढे गुजरातकडे जायचं असेल, किंवा लग्नाचा हॉलच त्या रस्त्यावर असेल तर तिथेच राहा. पण सकाळी नऊला परळ गाठायचं असेल तर नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं सांगू? मी त्यांना रात्रीच नौपाड्यात घेऊन आले. सासऱ्यांच्या पलंगाशेजारी मावशीची गादी, स्वयंपाकघरात भाऊकाका, पॅसेजमध्ये मी आणि मुलगा, बेडरूममध्ये सासूबाई आणि नवरा. माझ्या सासूबाई, ज्यांना मी विचारायलाच घाबरत होते, त्याच म्हणाल्या, "आधीच का नाही आणलंस गं?" सकाळी साडेसहाला चालत स्टेशन. ठाण्याची स्लो, बसायला जागा. पावणेआठला परळ. भाऊकाका नंबरात तिसरे. पिशवीचं तोंड उघडं होतं, त्यातून काढून त्यांनी मला खाजा दिला, कुडाळहून आणलेला. तीन दिवस ती पिशवी सोबत होती, पण खाजा काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

भाऊकाका आता नाहीत. मावशी ठणठणीत आहे, वर्षातून एकदा तपासणीला येते, आता सरळ आमच्याकडेच उतरते.

तर, अकोल्याची मंडळी. मी त्यांना म्हटलं, दादा, माझं ऐका, ही समोरची गाडी नेरूळलाच जाते. तिथे उतरा, सेंटरच्या आसपास खोली बघा, मी पण फोन करते एक-दोन ठिकाणी. ते हॉटेल सोडून द्या. त्यांनी बायकोकडे बघितलं. "पैसे भरले ना ताई. दोन रात्रीचे. वापस नाही देत म्हणे."

काय बोलणार? मी पैसे देऊ शकले असते का? माझ्या मनात आलं होतं. पण ते घेणारे नव्हते, मान ताठ होती त्यांची. वर आपल्यासारख्यांना चटकन वाटतं, जाऊ दे ना दोन रात्रींचे पैसे! त्यांच्यासाठी ते 'जाऊ दे' नसतात. हे मला गाडी निघाल्यावर कळलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली, इतक्या सहज म्हणाले होते सोडून द्या म्हणून.

मुलगी मात्र हुशार. तिनं फोल्डरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे धरला, "काकू, लिहून द्या." लिहून दिलं. हॉटेलपासून रिक्षानं अंधेरी स्टेशन. हार्बरच्या फलाटावरून गाडी. वडाळा रोडला उतरायचं. तिथून पनवेल गाडी. नेरूळ. साडेसातला रिपोर्टिंग, म्हणजे सव्वापाचला हॉटेल सोडायचं, त्यानंतर नाही. येताना रविवार आहे, मेगाब्लॉक असू शकतो, दुपारी निघण्याआधी स्टेशनवर विचारायचं. 'वडाळा रोड' खाली दोन रेघा मारल्या. तिनं कागद हॉलतिकिटाच्या मागे सरकवला आणि माझा नंबर घेतला.

संध्याकाळी मेसेज आला, "काकू पोहोचलो, रूम चांगली आहे." खोली चांगली असणारच. मावशीचीही होती.

मी विचारलं, गजर लावलास का? तर म्हणाली, बाबांच्या फोनची बॅटरी लवकर उतरते, माझा फोन मी अभ्यासासाठी सायलेंटवर ठेवते. म्हटलं, आज आवाज चालू ठेव. साडेचारला मी फोन करते.

आता अकरा वाजलेत. झोपते. तुमच्यापैकी नेरूळ स्टेशनजवळ कुणी राहत असेल आणि उद्या सकाळी सातच्या सुमारास स्टेशनवर येऊन तिघांना सेंटरची वाट दाखवू शकत असेल, तर मला आत्ताच मेसेज करा.