'मे'ला चिकटूनच व्हर्ब हवं? मग राज्यघटनाच चुकली म्हणा!

"विल, कॅन, मे, शुड, मस्ट यांच्यानंतर लगेच व्हर्बच आलं पाहिजे, मधे काही घातलं की वाक्य चूक, आणि घालायचंच तर दोन्हीकडे कॉमा मस्ट" हा फॉरवर्ड परत फिरतोय. भाचीने वहीत उतरवून पण घेतलाय, म्हणून लिहितोय.

मधे काही चालत नाही? आपल्या घटनेचं कलम 2 बघा, 'पार्लमेंट मे बाय लॉ ॲडमिट...'. 'मे' आणि 'ॲडमिट'च्या मधे 'बाय लॉ' मस्त ठाण मांडून बसलंय. कलम 3 मधे पण तेच 'मे बाय लॉ', आणि त्याच कलमाच्या जोरावर 1960 ला आपला महाराष्ट्र झाला. 1787 ची अमेरिकन घटना तर दोन दोन घुसवते, 'काँग्रेस मे ॲट एनी टाइम बाय लॉ मेक ऑर ऑल्टर...'. आणि कॉमा? तिन्हीकडे मधे एकही नाही. बोलणारा मधेच स्वतःचं मत टाकतो तेव्हा कॉमा येतो, 'यू शुड, इन माय ओपिनियन, वेट', तिथे मात्र दोन्ही बाजूला द्या, एकच देऊन सोडू नका.

हां, 'आय विल ऑन मंडे कम' कानाला खटकतं हे मान्य. वार, ठिकाण असलं इंग्लिशमधे सहसा शेवटी जातं. पण म्हणून सगळ्यालाच बंदी? मला वाटतं आपल्याला हा नियम पटकन पटतो कारण मराठीत 'जाऊ तर शकतो' चालतं पण 'जाऊ माझ्या मते शकतो' कोणी म्हणत नाही.

खरी गडबड वेगळीच असते. मधे अंतर पडलं की मागे मॉडल (म्हणजे हेच विल, कॅन, मे वगैरे) आहे हेच आपण विसरतो आणि 'ही कॅन, विदाउट एनी हेल्प, ड्राइव्ज' लिहून मोकळे होतो, तिथे 'ड्राइव्ह'च हवं. 'यू कॅन बाय प्रॅक्टिसिंग डेली इम्प्रूव' यातलं आयएनजी 'बाय'मुळे आलंय, त्याला बघून 'इम्प्रूव्हिंग' करू नका.

आणि 'नॉट' कुठे ठेवता ते तर फारच जपून. 'यू मे नॉट, अंडर धिस रूल, अपील' म्हणजे अपील करायला मनाई. 'यू मे, अंडर धिस रूल, नॉट अपील' म्हणजे नाही केलं तरी चालेल. शब्द तेच, फक्त 'नॉट' पलीकडे सरकलं आणि अर्थ पार उलटा, फॉरवर्डमधे यावर एक अक्षर नाही.