मशीन लावा ना, मॅडम!

फिजिओथेरपिस्टकडे येणाऱ्या माणसाला मनापासून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे वायर. पाठीला पॅड चिकटवायचे, पडदा ओढायचा आणि आयएफटीच्या, म्हणजे सौम्य विजेच्या, मुंग्यांवर पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढायची. त्यातही पडद्यापलीकडे कान असतोच. "मॅडम, शेजारच्यांचं जरा जास्त वाढवलंत वाटतं."

अल्ट्रासाउंडचं मशीन काढलं की निम्मे पेशंट भिंतीवर टीव्ही शोधतात. एका आजोबांनी खांद्याला जेल लावून घेता घेता अत्यंत गंभीरपणे विचारलं, "सगळं नॉर्मल आहे ना आत?" यात चित्र दिसत नाही, ध्वनिलहरींनी आतल्या पेशींवर उपचार होतो, हे मी समजावलं. आजोबांना पटलं नाही. पैसे दिले म्हणजे रिपोर्ट मिळायला हवा.

मशीन संपलं की मी 'व्यायाम' हा शब्द उच्चारते आणि सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात.

गुडघा बदललेल्या आजींचा हिशेब निराळाच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा आकडे धरून ठेवायची, एवढंच सांगितलेलं. आजी मोजतात, "एक, दोन, पाच, दहा, झालं!" मग गुडघा वाकवायची वेळ येते. नव्वद अंश तरी हवेत म्हटलं, तर आजी भाजीवालीशी बोलल्यासारखं म्हणतात, "पंच्याऐंशी धर बाई, शेवटचं." आणि वर विचारतात, "श्रावणात मांडी घालून पूजेला बसू ना?" सर्जननी जमिनीवर बसायला साफ मनाई केलेली असते, हे त्यांना ऐकूच येत नाही. कानांचं खातं आमच्याकडे नाही.

पण खरी परीक्षा फ्रोझन शोल्डरवाल्यांची. मधुमेह असेल तर हा खांदा जास्त आखडतो आणि सुटायला वर्ष-दीड वर्षही घेतो. तेवढा धीर पेशंटकडे नसतो, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नसतो.

"काका, व्यायाम केले?"

"केले की. रोज फिरायला जातो."

"मी खांद्याचं विचारतेय."

"मग फिरताना हात हलतोच ना!"

अशा वेळी मी गोनिओमीटर काढते. प्लॅस्टिकचा साधा कोनमापक, पण त्याच्यासमोर भलेभले गप्प होतात. काकांचा हात मागच्या आठवड्यात जिथे अडकला होता, तिथेच होता. मी त्यांना भिंतीवरचा व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर सरकवायची, जिथवर पोचतील तिथे पेन्सिलने खूण करायची, दुसऱ्या दिवशी थोडं आणखी वर.

"खुणा केल्यात की! फोटो दाखव गं," काका म्हणाले.

काकूंनी मोबाइल पुढे केला. सात खुणा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या समान अंतरावर. शेवटची ट्यूबलाइटच्या पट्टीला टेकलेली.

मी काकांच्या हाताकडे बघितलं, मग फोटोकडे. "काका, स्टुलावर चढलात?"

"छे हो!" काकू एकदम कळवळून म्हणाल्या. "एवढा खांदा दुखतोय त्यांचा, त्यांना कसं चढू देईन? मी चढले."