काकांच्या खिशातला नकाशा

सकाळी भाचीचा फोन. कायद्याचं शिकतेय, ऐच्छिक विषय निवडायचाय, आणि तिला आंतरराष्ट्रीय कायदा घ्यायचाय. घरी आलेल्या एका शहाण्याने तिला सुनावलं, "तो कायदाच नाही. ज्याच्याकडे रणगाडे, तो म्हणेल ती पूर्व दिशा." सगळे हसले म्हणे. पोरगी मला विचारते, "मामा, खरंच का रे तसं?" मी घाईत होतो, काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

"सगळं झूठ आहे" म्हणायला काय लागतं? काही वाचावं लागत नाही आणि वर शहाणं दिसता येतं.

आमच्या थोरल्या काकांना बांध कोरायची खोड होती. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या बाजूला नांगराची एक रेघ जास्त. कधी वीतभर, कधी हातभर. पण "माझ्यात दम आहे म्हणून घेतलं" असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. शेजारी भांडायला आला की सदऱ्याच्या खिशातून मोजणीचा जुना नकाशा निघायचा. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बघ, हद्द इथून जाते." नकाशा खरा होता, बोट खोटं होतं. आणि हेच काका सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी मात्र कधी मोडायचे नाहीत. रात्री दोनला शेजाऱ्याची पाळी लागली की यांची मोटर बंद म्हणजे बंद.

देश दुसरं काय करतात? 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेला रशियाचं पत्र गेलं: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 51, स्वसंरक्षण. धादांत खोटं. पण एवढे रणगाडे असताना पत्र कशाला लागतं हो? 16 मार्चला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, जिथे देशांचे आपसांतले खटले चालतात, 13 विरुद्ध 2 मतांनी थांबायला सांगितलं. थांबले नाहीत. बरं, मान्य.

आणि विहिरीवरच्या पाळ्या? त्या कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. 1874 मध्ये बर्नला करार झाला, तेव्हापासून एका देशाचं तिकीट लावलेलं पाकीट दुसरा देश निमूट पोचवतो. परक्या आकाशातून विमानं जातात. कितीही वैर असलं तरी वकिलातीच्या दारापाशी पोलीस थांबतो. रोज, हजारो वेळा. याची बातमी कोण कशाला देईल?

बाकासीचंच घ्या. नायजेरिया आणि कॅमेरूनमधलं भांडणाचं द्वीपकल्प. नायजेरिया थोरला, ताबा त्याचा, तिथली माणसंही बहुतेक त्याचीच. 2002 मध्ये हेच हेगचं न्यायालय म्हणालं, जमीन कॅमेरूनची. नायजेरियात आरडाओरडा झाला, टाळाटाळ झाली, पण 2006 मध्ये सैन्य निघालं आणि 2008 मध्ये कारभारही सोपवला. बड्या देशांनी मध्ये पडून दाब टाकला म्हणाल, तर हो, टाकला. पण निकालाचा कागद नसता तर दाब कशाच्या जोरावर टाकला असता?

आपलंच सांगतो. 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातल्या भारत-बांगलादेश सागरी हद्दीच्या लवादाने वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी सुमारे 19,500 बांगलादेशाला दिले. आपण निकाल मानला. आरमार कुणाचं मोठं होतं?

आता मात्र मला खरा संताप येतोय, आणि तो त्या शहाण्यावर नाही. अमेरिकेने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले, तिथल्या बंडखोरांना पोसलं. 1986 मध्ये न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, भरपाई द्या म्हणालं. अमेरिका तर खटला अर्ध्यावर टाकून आधीच उठून गेली होती. निकाल पाळा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तर तिनेच नकाराधिकार वापरला. म्हणजे चोरानेच पंच व्हायचं! आणि हेच लोक बाकीच्या जगाला नियम शिकवणार. यांची नियमांवरची प्रवचनं ऐकली की टीव्ही फोडावासा वाटतो. इथे माझ्याकडे उत्तर नाही. भाचीला हेही सांगायला हवं.

पण तरी. मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं (हे वेगळं, माणसांवर खटले चालवणारं) पुतिन यांच्यावर अटक वॉरंट निघालं. म्हणजे त्याच्या सदस्य देशात पाऊल ठेवलं, तर त्या देशाने त्यांना पकडायचं. ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला, म्हणजे अशाच एका सदस्य देशात, ब्रिक्सची परिषद होती, तिथे ते गेले नाहीत, पडद्यावरून बोलले. (पुढच्या वर्षी मंगोलियाला गेले, तोही सदस्यच, पण कुणी हात लावला नाही, तेही खरं.) एवढ्या मोठ्या माणसाला विमानात बसण्याआधी नकाशा उघडून बघावा लागतो, हे मला थोडं का होईना बरं वाटतं.

शेवटी शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली. दगड रोवले. काका दिवसभर बांधावर उकिडवे बसून होते, नकाशा खिशातच. पुढच्या वर्षी पुन्हा कोरलंच त्यांनी, दोन दगडांच्या मधल्या जागेत. पण दगडाला फाळ लागू दिला नाही. दगड आला की नांगर उचलून पलीकडे ठेवायचे. मी बैलांपुढे चालत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

भाचीला फॉर्म परवा भरायचाय. आता फोन लावतो, हाच विषय घे म्हणतो. त्या शहाण्याला इथे टॅग करणार होतो. पण तो त्याच काकांचा मुलगा आहे, राहू दे.