रोख रक्कम कशासाठी? लातूरच्या एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, येथील सहलीच्या माझ्या हिशेबावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: यूपीआयच्या काळात माणशी पाच हजार रुपये रोख बाळगायला सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो, आणि मराठवाड्यातून तिथवर पोहोचण्याचा खर्च मी धरलेलाच नाही.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. परभणीहून रात्रीच्या गाडीने हैदराबाद, तिथून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे जुने पोर्ट ब्लेअर, आणि पुढे बोट, यांपैकी मी फक्त बोटीचे भाडे मांडले. आमच्या चौघांच्या एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा विमानाच्या तिकिटांचा होता. आडत्याकडून सोयाबीनची पट्टी हाती आल्यावरच सहलीचा बेत करणाऱ्या घराला तोच आकडा आधी हवा असतो. लेखात ही दुरुस्ती आजच करतो.

रोख रकमेबाबत मात्र मी ठाम आहे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानातले इंटरनेट पुष्कळ सुधारले, हे खरे. तरीही भरतपूरच्या किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बाई मोबाईल उंच धरून मेसेजची वाट पाहत राहिल्या, आमच्या खात्यातून पैसे वजा झाले होते आणि त्यांच्याकडे काहीच दिसत नव्हते. शेवटी पत्नीने बटव्यातून शंभराच्या दोन नोटा काढून दिल्या.

पण राखीव रक्कम लागते ती मुख्यतः बोटीमुळे. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. आमची परतीची बोट रद्द झाली तेव्हा तिकिटाचे पैसे खात्यात यायला आठवडा लागला, पण खोलीचे आणखी एका रात्रीचे भाडे, चौघांचे जेवण आणि विमानाची तारीख बदलण्याचे शुल्क त्याच दिवशी द्यावे लागले. शिवाय बेटावर बराचसा किराणा बाहेरून जहाजाने येतो, त्यामुळे जेवण आपल्याकडच्या खानावळीच्या दरात मिळेल असे धरू नये.

आपण दिवाळीनंतर निघणार असल्याचे लिहिले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम बेटावर न ठेवता श्री विजयपुरमलाच ठेवावा, आणि सरकारी बोटीचे तिकीट खासगी बोटीपेक्षा बरेच स्वस्त असल्याने आरक्षण सुरू होताच ते काढून घ्यावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.